‘गाइड’मधला राजू पुस्तकात एवढा दोषी, मग पडद्यावर एवढा निर्मळ कसा झाला?

लेणीवाला (खुलताबाद)

नमस्कार मंडळी. मी वेरूळच्या लेण्यांवर गाइड आहे, यंदा ३१ वर्षं झाली. इथे बऱ्याच दिवसांपासून वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी मुलगी बी.ए.ला आहे, इंग्रजी घेऊन. तिला आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ अभ्यासाला आली. मला म्हणाली, बाबा, तुमच्या कामावरचं पुस्तक आहे. माझं इंग्रजी लेण्यांपुरतं, कादंबरी वाचण्याइतकं नाही. म्हणून रात्रीची जेवणं झाली की ती मोठ्याने वाचायची आणि मी अडलो की मराठीत सांगायची. दीड महिना लागला.

सिनेमा मात्र मला तोंडपाठ आहे. विजय आनंद यांचा, १९६५चा. शाळेत असताना गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर पाहिला, खिडकीबाहेर उभा राहून. पुढे या धंद्यात आलो तेव्हा जुने गाइड मला राजू म्हणायचे आणि मला ते आवडायचं. आपल्या कामावर एवढा मोठा सिनेमा निघाला याचा अभिमान मी ३० वर्षं बाळगला आहे. पण पुस्तक संपलं तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सिनेमात रोझीचा नवरा मार्को गुहेत दुसऱ्या बाईबरोबर सापडतो. तिथेच तो माणूस आपल्या मनातून उतरतो. त्यानंतर रोझी राजूकडे आली, राजूने तिला आधार दिला, तिचं नृत्य जगापुढे आणलं, यात कोणाला काही वावगं दिसतच नाही. उलट वाटतं, बरं झालं, सुटली.

पुस्तकात गुहेत कोणी बाई नाही. मार्को भिंतीवरची चित्रं उतरवून घेतो, टिपणं काढतो, बायकोच्या नाचाला किंमत देत नाही, रुक्ष आहे. पण त्याचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. राजू त्याच्याकडून रोजचे पैसे घेतो, त्याची सगळी सोय बघतो, तो डोंगरावरच्या बंगल्यात आपल्या कामात बुडालेला असताना खाली मालगुडीत, म्हणजे नारायणांच्या कल्पनेतल्या गावात, त्याच्या बायकोच्या हॉटेलवर जातो. रोझीचं मन तिला खात असतं. शेवटी तो आपला नवरा आहे, असं ती मधूनमधून म्हणते. राजूचं मन त्याला खात नाही. दुकान बुडतं, कर्ज चढतं, आई घर सोडून भावाबरोबर निघून जाते, तरी नाही. रोझी ‘नलिनी’ या नावाने नाचू लागते, पैसा येतो आणि राजू म्हणतो, हिला मी घडवली. पत्त्यांचे डाव, मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या बैठका, सगळं तिच्या पायांच्या कमाईवर.

आता ती जागा सांगतो जिथे मी मुलीला थांब म्हणालो. मार्कोचं लेण्यांवरचं पुस्तक छापून येतं. त्यात त्याने आभार मानलेले असतात, मालगुडी रेल्वे स्टेशनच्या राजूचे. ज्या माणसाने त्याचा संसार मोडला त्याचे, नाव घालून. आणि राजू काय करतो? ते पुस्तक रोझीला दिसू नये म्हणून लपवून ठेवतो. पुढे मार्कोच्या वकिलाचं पत्र येतं की रोझीच्या दागिन्यांची पेटी तिला परत द्यायची आहे, फक्त सही हवी. राजू तिची खोटी सही करतो. दोन वर्षं तुरुंग.

मी त्या रात्री उठून ओट्यावर जाऊन बसलो. कारण असं आहे. १९९६च्या थंडीत परप्रांतातले एक अभ्यासक आले होते. आठ दिवस मी त्यांच्याबरोबर १५व्या लेण्यात, म्हणजे दशावतारात, वरच्या मजल्यावर होतो. ते खांबांची मापं घ्यायचे, मी टेप धरायचो, आरसा लावून उजेड आत फिरवायचो. दोन वर्षांनी पोस्टाने त्यांचा छापील लेख आला. शेवटच्या पानावर माझं नाव, पुढे ‘वेरूळ’. ते पान फ्रेम करून बैठकीत लावलंय. नारायणांना हे कुठून कळलं, असं वाटलं.

आणखी एक. राजू जुन्या वास्तूचं वय सांगतो ते त्या वेळच्या मनाच्या लहरीप्रमाणे. कैलास कोरायला किती वर्षं लागली, हा प्रश्न मला दिवसातून चारदा विचारतात आणि मी समोरची पार्टी बघून आकडा दिलेला आहे. कृष्ण पहिला, राष्ट्रकूट, आठवं शतक हे पक्कं. वर्षांचा आकडा मात्र मी कधी कमी केला, कधी वाढवला. सिनेमातला राजू पाहताना मला हे कधी टोचलं नाही.

माझा प्रश्न असा. सिनेमावाल्यांनी राजूला एवढा धुऊन-पुसून का घेतला? दोष असलेला माणूस प्रेक्षकाला झेपत नाही असं त्यांना वाटलं का? आणि त्यामुळे शेवट मोठा झाला की लहान? तुम्ही वाचलेल्या दुसऱ्या पुस्तकांचंही असं झालंय का? जाणकारांनी जरूर लिहा.

सुनंदा_नागपूर

भाऊ, तुमचं लिखाण वाचून फार बरं वाटलं. मी ही कादंबरी कॉलेजात २२ वर्षं शिकवली. १९५८ची कादंबरी, १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार, हे सगळं मुलं पाठ करायची. पण आभाराच्या त्या ओळीवर उठून बाहेर गेलेला वाचक मला वर्गात कधी भेटला नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी एका ठिकाणी अडवते. तुम्ही मार्कोला फार स्वस्तात सोडलंत. रोझी स्वतःहून त्याला सगळं सांगते, त्यानंतर तो तीन आठवडे तिच्याशी एक शब्द बोलत नाही. ती त्याच्या मागेमागे फिरते, विनवते. तो तिला नसल्यासारखी वागवतो आणि शेवटी स्टेशनवर तिला सोडून गाडीत बसून निघून जातो. या माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन एम.ए. झालेली देखणी मुलगी शोधली, जातीची अट नाही म्हणून लिहिलं, तिचं प्रमाणपत्र तपासलं आणि लग्न केलं. देवदासीच्या घरातल्या, अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीने त्यात सुटका पाहिली. तिच्या वाट्याला आलेला हा थंडपणा मला मारझोडीइतकाच भयंकर वाटतो. नारायणांची कमाल ही की त्यांनी त्याला खलनायक न करता हे दाखवलं. सिनेमाने त्याच्यावर एक सोपा आरोप ठेवला आणि अवघड आरोप हातातून निसटला.

आता राजू. कादंबरीत अर्धी गोष्ट लेखक सांगतो आणि अर्धी राजू स्वतः, तुरुंगातून सुटल्यावर देवळात बसून, त्याला स्वामी समजणाऱ्या वेलन नावाच्या खेडुताला. म्हणजे मार्को रुक्ष, रोझी अतृप्त, राजू तिचा तारणहार, हे सगळं आपल्याला राजूच्याच तोंडून कळतं. आणि हा माणूस तर ‘मला माहीत नाही’ हे शब्द कधी न उच्चारणारा गाइड! वाचताना आपण सतत त्याचं बोलणं तोलून पाहतो. हे तोलणं वाचकाकडून काढून घेतलं की राजू आपोआप सरळ होतो. कॅमेऱ्याने दाखवलेली गोष्ट आपण खरीच धरतो. सिनेमात मार्को त्या बाईबरोबर दिसला म्हणजे होता. ते राजूने सांगितलेलं नाही, आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सहीबद्दल एक. ती निव्वळ लोभाची सही नाही. सिनेमात रोझी आणि मार्को पुन्हा जोडले जाऊ नयेत या भीतीतून ती होते. कादंबरीतही ती भीती आहे, पण तिच्यात मत्सर आहे, मार्कोचा चांगुलपणा रोझीला दिसू नये ही धडपड आहे, पेटीकडे लागलेले डोळेही आहेत. का केलं, हे राजूला स्वतःलाच धड सांगता येत नाही. सिनेमाने त्यातला सगळ्यांत देखणा धागा उचलला.

आणि ज्या जागेवर मी दरवर्षी थांबायची ती सांगते. अटकेनंतर रोझी राजूसाठी वकील देते, त्याच्या खर्चासाठी राबते. आपल्याशिवाय हिचं नृत्य बंद पडेल अशी राजूची खात्री असते. तसं होत नाही, ती नाचत राहते. तेव्हा त्याला कळतं की तिच्या आत स्वतःचं एक बळ आहे, तिथे मार्कोला जागा नव्हती आणि आपल्यालाही नाही. हे कळल्यावर तो आनंदी होत नाही, जळतो. मला हे पान पडद्यावर हवं होतं.

नारायणांना सिनेमा रुचला नव्हता. त्यांनी त्यावर लेखच लिहिला, शीर्षकात ‘वाट चुकलेला गाइड’ असा शब्दखेळ करून. त्यांचं मालगुडी उचलून राजस्थानात नेलं याचं दुःख त्यात मोठं आहे.

पटकथा_दादर

सुनंदाताईंचा प्रतिसाद जपून ठेवला. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझी भाकरी याच कामाची आहे. १४ वर्षं मालिकांच्या पटकथा लिहितो आहे.

नायक सौम्य कसा होतो ते आतून सांगतो. लेखनाच्या बैठकीत ‘नायकाला चांगला करा’ असं कोणी म्हणत नाही. कोणीतरी विचारतं, ‘त्याने असं केलं तर बाई चॅनल बदलणार नाहीत ना?’ मग आपण प्रसंगांचा क्रम हलवतो. त्याच्या चुकीच्या आधी त्याच्यावर झालेला अन्याय ठेवतो. पुस्तकात चूक पान ७०वर आणि तिचं कारण पान १५०वर असतं, आपण कारण आधी आणतो. चूक तीच राहते, पण प्रेक्षक ती करायला नायकाच्या आधी तयार होऊन बसलेला असतो. तेवढ्याने भागलं नाही तर समोरच्याला काळा रंग देतो. नायकाला पांढरा करायला पैसे लागत नाहीत, शेजारी कोणाला उभं करता त्यावर ते ठरतं. मार्कोचं तेच झालं. किशोर साहूंनी काम उत्तम केलंय, पण पटकथेने त्यांना आधीच शिक्षा सुनावलेली आहे.

मी स्वतः हे केलेलं आहे. एका कादंबरीवरच्या मालिकेत थोरला भाऊ धाकट्याच्या वाट्याची जमीन गिळतो असं होतं. ११व्या भागापर्यंत आम्ही धाकट्याला दारुडा केला. मूळ पुस्तकात तो साधा शिक्षक होता, चहाशिवाय काही न पिणारा. ज्या दिवशी तो प्रसंग लिहिला त्या दिवशी मी घरी जाऊन ती कादंबरी कपाटात मागच्या रांगेत सरकवली. आजही ती तिथेच आहे.

तरी ‘गाइड’साठी दोन शब्द बोलणारच. काळ बघा. १९६५. नवऱ्याला सोडून आलेली बाई, दुसऱ्या पुरुषाच्या घरात राहणारी, लग्न न करता, आणि वर तीच सिनेमाची नायिका. त्या काळात एवढं जरी पडद्यावर उभं राहिलं तरी ते धाडस होतं. मला वाटतं, विजय आनंद यांना रोझी वाचवायची होती. मार्को निर्दोष ठेवला असता तर थिएटरातल्या लोकांनी राजूला माफ केलं असतं, तो देव आनंद होता. रोझीला केलं नसतं. बिल तिच्या नावावर फाटलं असतं. त्या गुहेतली बाई राजूसाठी कमी आणि रोझीसाठी जास्त ठेवलेली आहे, असं मी मानतो. ‘आज फिर जीने की तमन्ना है’ आपण मोकळ्या मनाने ऐकतो, त्याची किंमत मार्कोने चुकती केलेली आहे.

शेवटाबद्दल मात्र मी लेणीवाला दादांच्या बाजूने. पुस्तकात उपवास कसा सुरू होतो आठवा. दुष्काळात गावात भांडण पेटतं, स्वामी बनलेला राजू वैतागून वेलनच्या अर्धवट भावाला सांगतो, हे लोक नीट वागेपर्यंत मी जेवणार नाही. पोरगं गावात जाऊन सांगतं की पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. सुरुवातीला राजू लपवून ठेवलेलं शिळं अन्न चोरून खातो. भांडं रिकामं झालं की चिडतो. वेलनला आपली सगळी कुंडली तो सांगतो तीसुद्धा या उपवासातून सुटण्यासाठी. एवढं ऐकूनही वेलन त्याला स्वामीच म्हणतो. असा माणूस एका क्षणी ठरवतो की आयुष्यात एकदा तरी काहीतरी पुरतं करावं, दुसऱ्यासाठी. तिथे माझ्या अंगावर काटा येतो, कारण रिकामं भांडं फेकणारा हात मी नुकताच पाहिलेला असतो.

सिनेमात आई येते, रोझी येते, आत्मा आणि देहाचा संवाद होतो, पाऊस कोसळतो. लीला चिटणीस आई आहेत, भोला, म्हणजे सिनेमातला वेलन, ‘रामशास्त्री’वाले गजानन जागीरदार, दोघांनी जीव ओतलाय. मी दर वेळी रडतो. पुस्तकात त्याला भेटायला घरचं कोणीही येत नाही. डोंगरात पाऊस पडतोय, पायांतून वर चढतोय, असं तो म्हणतो आणि खाली बसतो. पडला की नाही, नारायण सांगत नाहीत. तिथे मला रडता येत नाही आणि रात्रभर पुस्तक डोक्यातून जात नाही.

शरदप्रेमी

लेणीवाला यांनी दुसरी उदाहरणं मागितली आहेत. माझ्यासाठी पहिलं नाव ‘देवदास’.

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे बंगाली कादंबरीकार शरदबाबू (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) मराठी घरांत आपल्यातलेच होऊन बसले. आजोबांच्या ट्रंकेत ‘देवदास’चा मराठी अनुवाद होता, पानं सुटलेला. मी तो १६व्या वर्षी वाचला आणि मला देवदासचा राग आला. दुःख नंतर झालं. १९१७ साली छापलेल्या या पुस्तकातला देवदास लहानपणापासून पारूला मारतो. ती मध्यरात्री सगळी लाज बाजूला ठेवून त्याच्या खोलीत येते, तरी तो कोलकात्याला निघून जातो आणि तिथून पत्र लिहितो, की माझं तुझ्यावर तसं प्रेम कधी नव्हतं. परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. पारू मानाने बोलते, तर गळाच्या काठीने तिचं कपाळ फोडतो आणि वर सांगतो, चंद्रालाही डाग आहे.

२००२च्या सिनेमात तो लंडनहून येतो. त्याची आई पारूच्या आईचा भरसभेत अपमान करते, वहिनी कान भरते, बाप कडक. हे सगळं एवढं मोठं होतं की त्याचं ते पत्र घरच्यांच्याच पापात जमा होतं. काठीच्या जागी मोत्यांचा हार येतो. जखम तीच, पण हाराने मारणं सुंदर दिसतं. मला त्या दृश्याचा फार त्रास झाला. माझ्या मावशीच्या कपाळावर अशी खूण होती आणि ती हाराची नव्हती.

शरदबाबू शेवटी वाचकाला विनवतात की देवदाससारखा अभागी, असंयमी पापी भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. पापी हा शब्द त्यांनी स्वतः वापरला आहे. तो वगळून ती प्रार्थना कशी करायची, मला समजत नाही.

अन्वय_पुणे

मोठ्यांच्या चर्चेत बोलतोय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतला टिरियन लॅनिस्टर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेत तो सगळ्यांचा लाडका, बुटका, हुशार, दुखावलेला, मनाने चांगला. मी आधी मालिका पाहिली, मग लॉकडाउनमध्ये पुस्तकं वाचली.

पुस्तकात एक गायक त्याला धमकावतो तर टिरियन त्याला मारायला लावतो आणि त्याचं प्रेत गरिबांच्या खाणावळीतल्या रश्श्यात जातं. मालिकेत हे नाहीच. शे नावाच्या बाईला तो गळा आवळून मारतो ते दोन्हीकडे आहे. पण मालिकेत ती आधी सुरीला हात घालते. पुस्तकात तिच्या हातात काहीच नाही. ती त्याला लाडाच्या नावाने हाक मारते आणि तो तिच्या गळ्यातली सोन्याची साखळी पिळतो. एक सुरी ठेवली की खुनाचा बचाव होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पटकथा_दादर सर म्हणतात ते तंतोतंत हेच आहे.

पुस्तकातल्या टिरियनवर माझा जीव अजूनही आहे. मालिकेतला मला आवडायचा, पण त्याची काळजी वाटायची नाही.

लेणीवाला (खुलताबाद)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने तुमचे प्रतिसाद मला वाचून दाखवले, मग मी स्वतः पुन्हा वाचले.

सुनंदाताई, मार्कोच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तीन आठवड्यांचं ते बोलणं बंद करणं मी वाचताना घाईने ओलांडलं होतं. दादरचे सर, रोझीसाठी तो बदल केला असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सिनेमावरचा माझा राग त्याने कमी झाला आहे. शरदप्रेमी, हाराचं तुम्ही लिहिलंत ते वाचून माझी बायको बराच वेळ गप्प होती.

दादरच्या सरांचं एक वाक्य मात्र दोन दिवस पाठ सोडेना, शेजारी कोणाला उभं करता त्यावरचं. म्हणून पुढचं लिहितो.

१९९६च्या त्या अभ्यासकांबद्दल मी वर लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. त्यांना वरची मापं घ्यायला शिडी आणि शिडी धरायला माणूस हवा होता. मी म्हणालो, शिडीवाला दिवसाचे ६० रुपये घेतो. शिडीवाला माझा चुलतभाऊ. त्याला मी २० देत होतो. आठ दिवस. त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही, रोज संध्याकाळी मोजून पैसे द्यायचे आणि वहीत लिहायचे.

घरी आणि बाहेर हा किस्सा मी शेकडो वेळा सांगितला आहे. सांगताना नेहमी म्हणायचो, तुसडा माणूस, महाकंजूष, आठ दिवसांत चहासुद्धा विचारला नाही, पण शेवटी माझं नाव छापावंच लागलं. माझ्या मुलांना ते गृहस्थ असेच माहीत आहेत. खरं असं की ते थर्मासमधून चहा आणायचे आणि झाकणात ओतून पहिला मला द्यायचे, स्वतः नंतर प्यायचे. तिसऱ्या दिवशी एका सहलीच्या पार्टीला मी कैलासच्या वर्षांचा आकडा ठोकून दिला, तेव्हा ते मागेच उभे होते. पार्टी गेल्यावर, कोणी नसताना, हळू आवाजात म्हणाले की असा आकडा सांगणारा शिलालेख नाही, तुम्ही ‘नक्की माहीत नाही’ म्हणालात तरी लोकांना लेणं कमी मोठं वाटणार नाही. तेही मी कोणाला कधी सांगितलं नाही.

मार्कोच्या गुहेत ती बाई सिनेमावाल्यांनी ठेवली. माझ्या अभ्यासकांच्या हातातला चहा मी काढून घेतला होता. २९ वर्षं मी त्यांना कंजूष ठरवत आलो, ते ४० रुपये दिसू नयेत म्हणून. पुस्तक वाचताना मी ओट्यावर का गेलो ते मला त्या रात्री कळलं होतं, इथे लिहिताना मात्र मी फ्रेमपाशी थांबलो.

काल मंगळवार, लेणी बंद. दुपारी मुलीला सगळं सांगितलं. राजू वेलनला सांगतो तसं सुटका व्हावी म्हणून नव्हे, एवढं मला नक्की माहीत आहे. ती काही बोलली नाही. मग स्टुलावर चढून फ्रेम खाली काढली, मागचे खिळे सरकवून पान बाहेर घेतलं आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघू लागली. इतक्या वर्षांत ते पान मी उलटून पाहिलं नव्हतं. मागे त्यांच्या संस्थेचा पत्ता छापलेला आहे.

ते आता कुठे असतील, असतील की नाही, काही कल्पना नाही. त्या वेळीच पन्नाशीचे होते. पण पत्र लिहायला बसलो आहोत. मी मराठीत सांगतो, मुलगी इंग्रजीत घेते. तिने विचारलं, सुरुवात कशी करू, नमस्काराने की ओळख देऊन? मी म्हणालो, ओळख त्यांच्याकडे छापलेलीच आहे. पहिलं वाक्य लिही, शिडीवाल्याला मी २० रुपये देत होतो.